बसऱ्याच्या वाटेवरच्या पलटणी

या पुस्तकात ज्या जुन्या मराठा पलटणींची हकिगत आहे, त्या पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या वाटेने गेल्या. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे त्यांचे त्या वेळचे क्रमांक. १९२२ साली त्यांची मिळून एक रेजिमेंट झाली आणि तिलाच आज आपण मराठा लाइट इन्फंट्री म्हणतो. बसरा दस्मानहून मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे, मध्ये फक्त एक सरहद्द. कुवेतमध्ये नोकरीधंद्यासाठी येऊन राहिलेल्या मराठी माणसांना हे अंतर ठाऊक असतं. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतली माणसं शंभरेक वर्षांपूर्वी त्याच मातीत लढली, उपाशी राहिली आणि पुरली गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ही प्रस्तावना मी दस्मानमध्ये बसून लिहितो आहे, त्यामुळे ती इथूनच सुरू करणं मला योग्य वाटतं.

दस्मान म्हणजे कुवेत शहराचं पूर्वेचं टोक. अमिराचा दस्मान राजवाडा इथलाच. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा घुसल्या तेव्हा त्याच्या दाराशी लढाई झाली आणि राजघराण्यातले शेख फहद अल-अहमद तिथे मारले गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत इथल्या सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना, बहुतेकांना अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी नेण्यात आलं, ती आठवण अजून ताजी आहे. पण भारताशी असलेलं या जागेचं नातं त्याहून बरंच जुनं आहे. कुवेतमध्ये १९०४ साली पहिला ब्रिटिश पोलिटिकल एजंट आला तो हिंदुस्थान सरकारच्या वतीने. १९३५ साली त्या एजन्सीची नवी इमारत याच दस्मानच्या किनाऱ्यावर उभी राहिली आणि आज तिथे ब्रिटिश दूतावास आहे. १९६१ पर्यंत या बाजारात रुपयाच चालत होता. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची तारीख म्हणजे ३ नोव्हेंबर १९१४. त्या दिवशी कुवेतचे शेख मुबारक यांना ब्रिटिशांनी लिहून दिलं की उम्म कसर, सफवान, बुबियान आणि पुढे बसरा तुर्कांकडून घेण्याच्या कामी त्यांनी साथ दिली, तर कुवेतला ब्रिटिश संरक्षणाखालचं स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता मिळेल. तीनच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे हिंदी फौजेची पहिली तुकडी उतरली. मुंबईहून निघून बहारीनच्या समुद्रात वाट पाहत थांबलेली ही सोळावी ब्रिगेड, म्हणजे पूना ब्रिगेड. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती.

आज ज्याला आपण आखाती देशांचा नकाशा म्हणतो, त्यातली एक महत्त्वाची रेघ ओढली जात असताना मराठी शिपाई तिथे हजर होता. हे पुस्तक त्या शिपायाचं आहे.

पायदळाच्या रेजिमेंटचा इतिहास म्हटला की जगभरच्या वाचकाला आधी आठवतो तो गुरखा. खुकरी, तिरकी टोपी, नेपाळचे डोंगर, इंग्रज अफसरांनी लिहिलेल्या आठवणींची कपाटं. ती कीर्ती गुरख्यांनी रक्त सांडून मिळवलेली आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. मात्र ज्या रणांगणांवर गुरख्यांचं नाव झालं, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी शेजारच्या खंदकात मराठा होता. सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण घ्या. राई आणि लिंबू जमातींची, पूर्व नेपाळातली माणसं. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत एक टेकाड मूठभर माणसांनिशी त्यांनी रात्रभर राखलं, म्हणून त्या टेकाडाला गुरखा माउंड हेच नाव पडलं. पुढे कुतच्या वेढ्यात ती पलटण तीन मराठा पलटणींबरोबर अडकली आणि बरोबरच कैदेत गेली. सव्वीस वर्षांनी, जून १९४२ मध्ये, लिबियातल्या तोब्रुकच्या पाडावात हीच गुरखा पलटण पुन्हा वेढली गेली. त्या वेळी तिच्याच ब्रिगेडमध्ये दुसरी मराठा पलटण होती. म्हणजे दोन महायुद्धांतल्या दोन मोठ्या शरणागतींत गुरखा आणि मराठा एकाच ताटात जेवले आणि एकाच तारेमागे उपाशी राहिले. एकाची गोष्ट जगाने ऐकली. दुसऱ्याची त्याच्या स्वतःच्या भाषेतही पुरती सांगितली गेली नाही. या पुस्तकाची गरज मला वाटते ती इथे.

आता मुळाकडे जाऊ. रेजिमेंटची पहिली पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली, ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे सिपॉयांची पलटण म्हणून. तिला पुढे ‘जंगी पलटण’ हे नाव मिळालं. दुसरी १७६९ची, तिला शिपाई ‘काळी पाचवी’ म्हणत. बाकीच्या १७९७ ते १८०० च्या सुमारास आल्या. इथे एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. या पलटणी शिवाजी महाराजांच्या सैन्याच्या वंशज नव्हत्या. ज्या कंपनीने पुढे पुण्याची गादी बुडवली, तिच्या पगारावर त्या उभ्या राहिल्या. महाराजांचं नाव त्यांच्या ओठांवर आलं ते पुढच्या पिढ्यांत, आणि ते आणलं शिपायांनी आपल्या घरून, आपल्या पोवाड्यांतून. मला यात कमीपणा वाटत नाही. परक्याची चाकरी करतानाही माणसं आपलं दैवत घेऊन गेली, आणि शेवटी चाकरी संपली तरी दैवत उरलं.

दुसरी गोष्टही तितकीच उघडपणे सांगायला हवी. मुंबईच्या जुन्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि त्यांची कामगिरी कोणाहून कमी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेत सुभेदार होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘लढाऊ जाती’ नावाचं खूळ सरकारच्या डोक्यात शिरलं आणि महारांची भरती बंद झाली. १९०३ साली लॉर्ड किचनरने फौजेची फेररचना केली, मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले आणि तिसरीची १०३वी, पाचवीची १०५वी, दहावीची ११०वी केली. ‘मराठा’ हा शब्द त्यांच्या नावात रीतसर बसला तो तेव्हा. त्या वेळी त्यांत कोकणी मराठे, दख्खनी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा कंपन्या होत्या. महार नव्हते. त्यांना स्वतःची कायमची रेजिमेंट मिळायला ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला, आणि ती उभी राहिली बेळगावातच. मराठा रेजिमेंटचा अभिमान बाळगणाऱ्याने हा अन्याय झाकून ठेवू नये.

लाइट इन्फंट्री या किताबाची कथा काहानची आहे. पहिल्या अफगाण युद्धाच्या काळात, १८४० च्या मे महिन्यात, काळ्या पाचवीतल्या काही शिपायांनिशी कॅप्टन लुइस ब्राउन बलुचिस्तानातल्या काहानच्या मातीच्या गढीत शिरला आणि मरी टोळ्यांनी त्यांना वेढलं. मदतीला आलेली फौज ऑगस्टच्या अखेरीस नफुस्कच्या खिंडीत मार खाऊन परत फिरली. गढीतल्यांनी तरीही जागा सोडली नाही. सप्टेंबरअखेरीस मरी सरदाराशी सन्मानाचा करार करून ते हत्यारांनिशी, आपली तोफ ओढत, बाहेर पडले. दुसऱ्या वर्षी पलटणीला लाइट इन्फंट्रीचा मान मिळाला. जलद चाल, हलकं सामान, बिगुलावर चालणारे हुकूम, हिरवा रंग, हे सगळं त्या मानाबरोबर आलं. आजही रेजिमेंटच्या चिन्हावर ढाल-तलवारींबरोबर बिगुल आहे आणि संचलनात मराठा तुकडी आली की तिची पावलं इतरांहून भरभर पडतात. ते पाहून टाळ्या वाजवणाऱ्याला काहानची आठवण असेलच असं नाही. पण ती चाल तिथून आली आहे.

मेसोपोटेमियावर, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोहिमेवर, या पुस्तकातली सगळ्यांत जास्त पानं खर्ची पडली आहेत आणि ती योग्यच आहेत. फावनंतर साहिल आणि मग बसरा. २२ नोव्हेंबर १९१४ च्या सुमारास बसरा हाती आलं. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याच्या नैर्ऋत्येला शैबा येथे तीन दिवस लढाई झाली, १२ ते १४ तारखेपर्यंत. पुराचं पाणी, चिखल आणि मृगजळ. समोर किती माणसं आहेत हे दोन्ही बाजूंना धड दिसेना. ११०वी आणि ११७वी तिथे होत्या. तुर्की सेनापती सुलेमान अस्करी बेने पराभवानंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली. कुवेतहून सफवान ओलांडून बसऱ्याकडे जाणारा रस्ता झुबैरच्या बाजूने जातो आणि शैबा त्याच परिसरात आहे. तिथे आज तेलाचे कारखाने आहेत आणि तिथून ये-जा करणाऱ्यांत मराठी इंजिनिअर, फोरमन, वेल्डर असतात.

शैबाच्या विजयाने सेनापतींची भूक वाढली. जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन, म्हणजे पूना डिव्हिजन, तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने ढकलण्यात आली. पुरवठ्याची गलबतं अपुरी, दवाखान्यांची सोय नाही, मागे राखीव फौज नाही. मला या सबंध मोहिमेत सर्वांत जास्त राग येतो तो याचा. शिपायाच्या शौर्यावर भिस्त ठेवून सरकारने हिशेब करायचं सोडून दिलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला, म्हणजे अरबांच्या सलमान पाकला, टाउनशेंडने लढाई जवळपास जिंकली आणि फौजेचा तिसरा हिस्सा गमावला. मग माघार, आणि ७ डिसेंबरपासून कुत-अल-अमाराचा वेढा.

कुत म्हणजे तैग्रिसच्या वळणात अडकलेलं एक धुळकट गाव. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला खंदक, आणि खंदकाच्या ईशान्य टोकाला मातीचा किल्ला. २४ डिसेंबरला तुर्कांनी त्या किल्ल्यावर जोरदार हल्ला चढवला. भिंती तोफांनी पाडल्या आणि माणसं आत घुसली. किल्ल्यात सतरावी ब्रिगेड होती, तिच्यात १०३वी, म्हणजे जंगी पलटण. हातघाईची लढाई होऊन हल्ला परतवला गेला. त्यानंतर तुर्कांनी कुत लढून घ्यायचा नाद सोडला आणि ते भुकेवर सोपवलं.

भुकेची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण इंग्रजी पुस्तकांतून ती वर्षानुवर्षं वाकडी सांगितली गेली आहे. जानेवारीच्या अखेरीपासून कुतमध्ये घोडे आणि खेचरं कापली जाऊ लागली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी नाकारलं. आठवडे गेले, पिठाचा शिधा कमी कमी होत गेला, हिरड्या सडू लागल्या, स्कर्व्हीने माणसं खंगली. शिपाई खंदकाच्या बाहेर रांगत जाऊन रानटी पाला खुडून आणत. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या तारा मागवल्या गेल्या की आपत्काळी हे मांस खायला हरकत नाही. तरी पुष्कळांनी एप्रिल उजाडेपर्यंत तोंड लावलं नाही. इंग्रज अफसरांनी याला धर्मभोळेपणा म्हटलं, हट्ट म्हटलं, काहींनी तर कुत पडण्याचा दोषही याच्या माथी मारला.

मला ते पटत नाही. मराठा शिपाई मांसाहारी होता, त्याला मांसाची शिसारी नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर गाव होतं. घोड्याचं मांस खाल्लेला माणूस परत गेल्यावर पंगतीत बसेल का, त्याच्या लेकीला स्थळ येईल का, भाऊबंद त्याच्या घरचं पाणी पितील का, हा त्याचा विचार होता. गोऱ्या शिपायाला त्याचं गाव अशा कारणावरून वाळीत टाकणार नव्हतं. मराठ्याला टाकू शकत होतं. तार कितीही मोठ्या शास्त्रीबुवांची असो, गावची पंचायत ती मानेलच याची खात्री कोण देणार होतं? उपासमारीतही तो परत गेल्यानंतरच्या आयुष्याचा हिशेब करत होता, म्हणजेच आपण परत जाणार यावर त्याचा विश्वास होता. त्या विश्वासाला हट्ट म्हणणं क्रूरपणाचं आहे. दोष द्यायचाच तर पुरवठ्याशिवाय डिव्हिजन बगदादवर पाठवणाऱ्यांना द्यावा.

कुतच्या सुटकेसाठी आलेल्या फौजेचे सुमारे तेवीस हजार जवान जायबंदी झाले वा मेले. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, ‘जुलनार’ नावाची आगबोट धान्य भरून रात्री पाठवून पाहिली, ती नदीतच अडकून तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेलं. नोकरचाकर धरून तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सन्मानाने ठेवलं गेलं. शिपाई उन्हाळ्याच्या तोंडावर वाळवंटातून पायी हाकले गेले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रस-अल-ऐन येथे बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. बंगाली वाचकांना या कैदेचं वर्णन शिशिरप्रसाद सर्वाधिकारींच्या ‘अभि ले बगदाद’ या पुस्तकात मिळतं. ते बंगाल अँब्युलन्स कोअरमध्ये होते, शिकलेले होते आणि त्यांनी रोजनिशी जपली. मराठा पलटणीतला शिपाई बहुधा निरक्षर होता. त्याचं पत्र दुसरा कोणी लिहून देई, तिसरा वाचून दाखवी, आणि मध्ये सेन्सॉर बसलेला असे. त्याच्या बाजूने बोलायला कागद फार थोडे उरले.

मग उरलं काय? आकडे उरले. बसरा स्मारकाचं अनावरण २७ मार्च १९२९ रोजी झालं. ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा साडेचाळीस हजारांहून अधिक माणसांचं ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलेलं आहे, हिंदी सुभेदार-जमादारांची नावं आहेत. पण साध्या हिंदी शिपायाच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या आहे, इतके इतर हिंदी शिपाई म्हणून. १९९७ साली इराक सरकारने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बसऱ्यापासून बत्तीस किलोमीटर दूर नेऊन उभं केलं. अमाराला नदीच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. तिथे सुमारे पाच हजार माणसं आहेत आणि ओळख पटलेली फक्त नऊ, कारण कोणाला कुठे पुरलं वा जाळलं याची नोंद लष्कराने ठेवलीच नाही. पाच हजारांत नऊ. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तरी पलटणी संपल्या नाहीत, हीच रेजिमेंट नावाच्या व्यवस्थेची ताकद. कुतमध्ये गेलेल्या तिन्ही पलटणी पुन्हा उभ्या केल्या गेल्या. युद्धाच्या अगदी अखेरच्या दिवसांत, २९-३० ऑक्टोबर १९१८ रोजी, मोसुलच्या वाटेवर शरकात येथे ११४व्या मराठा पलटणीने जी लढाई दिली, तिच्यासाठी तिला अठ्ठावीस शौर्यपदकं मिळाली. ११७व्या पलटणीला ‘रॉयल’ किताब मिळाला. १९२२ मध्ये सगळ्या एकत्र आल्या तेव्हा तीच पाचवी पलटण झाली. ११४वी प्रशिक्षणाची पलटण झाली आणि रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आलं.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल इथे थोडक्यात लिहितो, कारण पुस्तकात ते सविस्तर आहे. १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनचे डोंगर चढणाऱ्यांत मराठा होते. इटलीत दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. नाईक यशवंत घाडगे, तिसरी पलटण, १० जुलै १९४४, तिबर नदीचं खोरं: बाकीचे सगळे पडल्यावर एकट्याने मशिनगनचं ठाणं घेतलं आणि मग लपलेल्या शत्रूच्या गोळीला बळी पडले. शिपाई नामदेव जाधव, पहिली पलटण, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी: जखमी साथीदारांना पाण्यातून ओढून आणलं आणि मग एकट्याने शत्रूच्या चौक्या गप्प केल्या. घाडग्यांचा पुतळा रायगड जिल्ह्यातल्या माणगावला आहे. इटलीत मोंतोने येथे २०२३ साली त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं गेलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. परक्या गावाने जवळपास ऐंशी वर्षांनी एका कोकणी माणसाची आठवण ठेवली.

स्वातंत्र्यानंतरच्या प्रकरणांतला एकच प्रसंग मी निवडतो. तिसरी मराठा पलटण, म्हणजे जुनी ११०वी, हवाई छत्री दलात गेली आणि तिची दुसरी पॅरा पलटण झाली. पहिली, म्हणजे जुनी १०३वी, जंगी पलटण, रेजिमेंटमध्येच राहिली. डिसेंबर १९६१ मध्ये दमण मुक्त केलं ते तिनेच. १९७१ च्या डिसेंबरात जंगी पलटण बांगलादेशात जमालपूरला वेढा घालून होती. ठाण्याच्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याचा निरोप गेला, तेव्हा त्याने उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी घालून पाठवली. लढाई होऊन जमालपूर पडलं. ११ डिसेंबरला दुसरी पॅरा टांगाइलजवळ विमानांतून उतरली आणि तिने पूंगलीचा पूल घेतला. दुसऱ्या दिवशी जमालपूरहून दौडत आलेली जंगी पलटण त्या पुलावर तिला येऊन मिळाली. कुतच्या खंदकांत पाच महिने एकत्र उपाशी राहिलेल्या दोन पलटणी छप्पन्न वर्षांनी बंगालमधल्या एका पुलावर भेटल्या, या खेपेला स्वतंत्र देशाच्या सैनिक म्हणून आणि जिंकणारे म्हणून. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्यांत दुसरी पॅरा होती. मराठी माणसाने शाळेच्या पुस्तकात वाचावा असा हा प्रसंग आहे.

परंपरांविषयीचं प्रकरण वाचताना काही वाचकांना वाटेल की हे फक्त समारंभ आहेत. तसं नाही. रेजिमेंटचा दिवस ४ फेब्रुवारीला साजरा होतो, कारण १६७० साली त्या तारखेला तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. युद्धघोष शिवाजी महाराजांच्या नावाचा. ब्रीद तीन शब्दांचं, कर्तव्य, मान, साहस. दसऱ्याला शस्त्रपूजा, गणपती, लेझीम, रेजिमेंटचं मराठी गीत. पंजाबचा वा केरळचा तरुण अफसर इथे आला की तो आधी मराठी शिकतो, कारण जवानांशी त्यांच्या भाषेत बोलल्याशिवाय त्याला पलटणीत कोणी आपला मानत नाही. जनरल जे. जे. सिंग हे शीख अफसर नवव्या मराठ्यातले; २००५ मध्ये ते भारताचे लष्करप्रमुख झाले. मराठी भाषा टिकवण्यासाठी आपण सभा भरवतो, ठराव करतो; पण परप्रांतीयाला प्रेमाने, रोजच्या गरजेतून मराठी शिकवणाऱ्या ज्या मोजक्या संस्था आहेत त्यांत ही रेजिमेंट आहे. आणि तिचं केंद्र आज कर्नाटकात असलेल्या बेळगावला आहे, जिथे तिच्यात मराठी आणि कानडी घरांतली मुलं एकाच बराकीत वाढतात. सीमाभागावर हिरिरीने बोलणाऱ्यांनी ती बराक एकदा पाहावी.

आता वाचकांकडे एक मागणं आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस माणसं गमावली आणि ते गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे. पण ज्यांच्या नावात मिलिटरी वा फौजी नाही अशा शेकडो गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. तिच्यावरही बहुतेक वेळा आकडेच असतात. नावं घरांत आहेत. देव्हाऱ्याच्या खणात, जुन्या पत्र्याच्या पेटीत, फोटोच्या मागे. पहिल्या महायुद्धाचं रुपेरी पदक घरात असेल तर त्याची कडा भिंगाने पाहा. तिच्यावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. शिपाई युद्धातून परतला नसेल, तर ते नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संगणकीय यादीत शोधता येतं आणि ती यादी सर्वांना मोफत खुली आहे. पदक विकू नका, पॉलिश करून कडेवरची अक्षरं घासून टाकू नका. नाव, गाव, पलटण एका कागदावर लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवेल तेवढं त्याखाली उतरवा, तारीख घाला आणि ग्रामपंचायतीत एक प्रत द्या. कुवेत, बसरा, दुबई इथे कामाला असलेल्या मुलांना दुसरी प्रत पाठवा, म्हणजे पणजोबा कुठे गेले होते हे त्यांना कळेल.

दस्मान, कुवेत